अकरा सेकंद

केमीत डिसेंबरचा सूर्य अकराला येतो
आणि दीडला गेलेला असतो.
उरलेला दिवस मी पत्त्यांना देते.
पायात लोकरीचे मोजे, मांडीवर मांजर,
पडद्यावर एकाच वेळी चार टेबलं.
तिथे मला वय नाही, गुडघे नाहीत,
तूइरे हे नावसुद्धा नाही.
राणीवर राणी आली की मी मोठ्यानं शिवी हासडते,
ऐकतं फक्त मांजर.

सहा वर्षं त्या टेबलांवर एक ‘मेत्सिस’ भेटतो.
पलीकडच्या किनाऱ्यावरचा असणार,
तिकडे रानकोंबड्याला म्हणतात तसं.
अतिशय वैतागवाणा माणूस!
साधी दुरी-सत्ती टाकायची तरी
अकरा सेकंद घेतो.
घड्याळाची हिरवी पट्टी झिजत जाते
आणि मी म्हणते, लबाड, नाटक करतोयस.
डाव हरला तरी, जिंकला तरी,
खाली एकच शब्द टाकतो: आइताह.
आभार.
हरल्यावर कसले आभार?

मार्चमध्ये थोडे जिंकलेले पैसे होते.
रात्रभर आगगाडी, मग बोट,
टालिनच्या हॉटेलात तळघरासारखं दालन,
दोनशे माणसं, आणि चकत्यांचा आवाज,
एखाद्या रानात सगळे टोळ एकदम उठावेत तसा.

तीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत होते.
अंगठ्यानं चोळून वजन सांगायची.
पहिला पत्ता हातात आला आणि
अंगठा गोंधळला: हा कागद नव्हेच, प्लास्टिक.
मग लक्षात आलं, सगळे माझ्याकडे बघतायत.
माझ्या मानेकडे. माझ्या श्वासाकडे.
समोरच्या पोराला काळा चष्मा,
मला साधा, तोही वाफाळलेला.
घरी मी एक्क्यांची जोडी आली की उठून
स्वयंपाकघरात एक गिरकी घेते.
इथे बसून राहायचं होतं.
बसून राहणं इतकं दमवतं हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या तासाला डावीकडे एक म्हातारा आला.
स्वेटरची कोपरं शिवलेली, बोलणं नाही.
त्याची पाळी आली की टेबल थांबायचं.
काळा चष्मा बोटांनी ताल धरायचा.
म्हाताऱ्याचा हात चकत्यांकडे निघायचा,
वाटेत थरथरायचा,
दुसरा हात येऊन त्याला मनगटाला धरायचा,
मग दोघं मिळून
चार चकत्या पुढे सरकवायचे.
एकदा त्याचा अख्खा मनोरा कोसळला.
पत्ते वाटणाऱ्या काइदीनं एक अक्षर न बोलता
रंग रंग वेगळे करून पुन्हा रचला.

मी मनातल्या मनात मोजत होते. सवयच ती.
नऊ, दहा, अकरा.

नव्व्यांच्या जोडीवर मी सगळं लावलं.
तो माझ्याकडे बघत राहिला, मग आला.
त्याच्याकडे बदाम एक्का-राजा.
एक्का आलाच नाही, राजाही नाही.
उरलेल्या दोन चकत्या त्यानं माझ्याकडे ढकलल्या,
उठला, टोपी घातली,
आणि थोडा वेळ गेल्यावर म्हणाला,
आइताह.

मी काही बोलले नाही.
बोलणार काय? सहा वर्षं शिव्या देतेय, ती मीच?
पुढच्या तासाभरात काळ्या चष्म्यानं मला धुऊन काढलं.
परतीच्या बोटीत खिडकीबाहेर बर्फाचे तुकडे
एकमेकांवर घासत होते.

रविवारी तो दुसऱ्या टेबलावर, नेहमीच्या वेळेला.
हिरवी पट्टी झिजू लागली.
या खेपेला मांजरानं काहीच ऐकलं नाही.
मी थांबले, पण सूट दिली नाही:
पंज्यांच्या तिकडीनं त्याला साफ केलं.
डाव तो डाव.
खाली आलं, आइताह.

मी लिहिलं: छान हात होता.
हे सगळेच लिहितात, अर्थ न बघता.
मग अक्षरं एकेक करून पुसली.
तेवढ्यात पुढचे पत्ते आले,
किलवर चव्वी, इस्पिक गुलाम,
टाकून देण्यासारखे,
मी मात्र बटण दाबायला
बराच वेळ घेतला.